शाळेतून मूल बेपत्ता झालं की ग्रुपवरचे तर्क तपासाचं काय करतात

प्रश्न असा आहे: दुसरीतला मुलगा शाळेतून बेपत्ता झालाय, पोलिसांचं काम सुरू आहे आणि सोसायटीच्या, शाळेच्या, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून तर्क चाललेत. सावत्र आईचं काहीतरी असेल, रिक्षावाल्याची नजर बरी नव्हती, काळी व्हॅन फिरत होती. यातून तपासाला मदत होते का? आणि आपण त्या ग्रुपवर असू तर करायचं काय?

मदत माहितीने होते, तर्काने होत नाही, आणि ग्रुपवर तासाभरात दोन्हींची सरमिसळ होऊन जाते. तर्क चुकीचा निघाला तर एखाद्या माणसाची बदनामी होते, हे सगळ्यांना कळतं. पण त्याआधीच एक नुकसान होऊन गेलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. मुलाला शेवटचं कुणी, कुठे आणि किती वाजता पाहिलं, या एका उत्तरावर सगळा शोध उभा असतो. ग्रुपवरची चर्चा पहिल्यांदा तेच उत्तर गढूळ करते.

हे उत्तर इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यांत बघा. सात-आठ वर्षांचं मूल साधारण ताशी 3 किलोमीटर चालतं असं धरा. अर्ध्या तासात ते दीड किलोमीटर जाऊ शकतं, म्हणजे शोधायचं क्षेत्र झालं सुमारे 7 चौरस किलोमीटर. तासाभरात 3 किलोमीटर, म्हणजे 28 चौरस किलोमीटर. वेळ दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होतं. मूल गाडीत बसलं असेल तर हे गणितच उरत नाही. आता कुणीतरी ग्रुपवर ठासून लिहितो, "साडेनऊला मी त्याला गेटपाशी पाहिलं," आणि प्रत्यक्षात ती वेळ नऊची असते. अर्ध्या तासाच्या त्या चुकीने शोधपथक लहान वर्तुळात फिरत राहतं आणि मूल वर्तुळाबाहेर असतं.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहरात, 4 जून 2010 रोजी कायरन हॉर्मन हा सात वर्षांचा मुलगा शाळेतून बेपत्ता झाला. स्कायलाइन नावाची ती शाळा शहराच्या कडेला, झाडीच्या टेकड्यांमध्ये आहे. त्या दिवशी विज्ञान प्रदर्शन होतं, त्यामुळे शाळा नेहमीपेक्षा लवकर उघडली होती आणि पालकांची ये-जा चालू होती. लाल डोळ्यांच्या बेडकावर केलेल्या प्रकल्पासमोर उभा असलेला त्याचा फोटो त्याच सकाळचा. पावणेनऊच्या सुमारास तो वर्गाकडे जाताना दिसला, एवढंच सांगितलं जातं. वर्गात त्याची गैरहजेरी लागली, पण त्या दिवशी घरी कुणी फोन केला नाही. दुपारी साडेतीनच्या सुमारास स्कूलबसमधून तो उतरला नाही तेव्हा कुठे सगळे जागे झाले. मधले पावणेसात तास कोरे. तेवढ्या वेळात गाडी कुठल्या कुठे जाते; नदी ओलांडली की शेजारचं वॉशिंग्टन राज्यच लागतं. राज्याच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या शोधमोहिमांपैकी ती एक ठरली. मुलगा आजवर सापडलेला नाही आणि त्याला पळवल्याबद्दल कुणावर आरोपही ठेवले गेलेले नाहीत.

या प्रकरणावर लोकांनी रकानेच्या रकाने लिहिले: घरातलं कोण, कुणाची गाडी, कुणाचा चेहरा पत्रकार परिषदेत कसा दिसत होता. पण त्या दिवसाचं खरं भोक हजेरीपटात होतं आणि ते चर्चेला फारसं चविष्ट नव्हतं. गर्दीच्या, वेळापत्रक विस्कटलेल्या दिवशी (स्नेहसंमेलन, क्रीडादिन, प्रदर्शन, पालकसभा) मूल वर्गात आलं नाही तर ते "आईबरोबर गेलं असेल" आणि घरी नसलं तर "शाळेत असेल". दोन्ही बाजू निर्धास्त राहतात. म्हणून शाळेत पहिल्या तासाची हजेरी झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत गैरहजर मुलाच्या घरी फोन किंवा मेसेज जायला हवा आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्या नंबरवर. संमेलनाच्या दिवशी तर हा नियम जास्तच कडक हवा. नेमका त्याच दिवशी तो पाळला जात नाही.

आता साक्षीदारांचं. एखादा टपरीवाला सकाळी सांगतो, "गणवेशातला एक पोरगा स्टँडच्या बाजूला चालला होता, हातात काही नव्हतं." दुपारपर्यंत त्याने ग्रुपवर निळ्या दप्तराचा फोटो चार वेळा पाहिलेला असतो. संध्याकाळी पोलिसांना तो शपथेवर सांगेल की पाठीवर निळं दप्तर होतं. तो खोटं बोलत नसतो, त्याला आता तसंच आठवत असतं. आठवण अशी आपोआप भरून निघते, आणि चार जणांनी एकमेकांशी बोलून घेतलं की चौघांची आठवण एकसारखी होते. पोलिसांना चार साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात एकच असतो.

म्हणून काही पाहिलं असेल तर ग्रुप उघडण्याआधी कागद घ्या आणि स्वतःच्या हाताने लिहून काढा. काय दिसलं, कुठे उभे होतात, मूल कुठल्या दिशेला चाललं होतं, एकटं की कुणाबरोबर, चालत की ओढत नेल्यासारखं. कपडे आठवत नसतील तर "आठवत नाही" असं लिहा. ते उत्तरही कामाचं असतं. वेळ अंदाजाने लिहू नका, ती कशाला तरी बांधा. चहाचे पैसे यूपीआयने दिले असतील तर त्या मेसेजवर 8:41 असं नेमकं असतं. कॉल लॉग, बसचं तिकीट, नळाला पाणी यायची वेळ, मशिदीतली अजान, शाळेची घंटा, काहीही चालेल. मग तो कागद घेऊन पोलिस ठाण्यात जा किंवा 112 वर फोन करा. ग्रुपवर त्याचा फोटो टाकू नका.

दुसऱ्याला विचारायची वेळ आली तर मोबाइलवरचा फोटो पुढे करून "हाच का?" असं विचारू नये. समोरचा माणूस भला असतो, मदत करायला बघतो आणि "हो, हाच असावा" म्हणतो. आधी "सकाळी इथून कुणी लहान मूल जाताना पाहिलंत का?" एवढंच विचारा, तो काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, फोटोची बाब पोलिसांवर सोडा. शाळेतल्या मुलांच्या बाबतीत तर दुप्पट जपून. वर्गशिक्षकांनी सगळ्या वर्गाला उभं करून "कुणी काही पाहिलं का रे?" असं विचारलं की पाच मिनिटांत दहा हात वर होतात आणि काळी व्हॅन तयार होते. बाकावर शेजारी बसणाऱ्या दोन-तीन मुलांना एकेकट्याने, एकाच व्यक्तीने, एकच मोकळा प्रश्न विचारावा आणि उत्तर जसंच्या तसं लिहावं. त्यापुढचं काम बालकल्याण पोलिस अधिकाऱ्याचं.

सीसीटीव्हीबद्दल लोक उत्साहाने धावतात आणि गोंधळ घालून ठेवतात. दुकानातल्या डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ बहुतेक वेळा चुकलेलं असतं. पडद्यावर 8:52 दिसत असेल तेव्हाच मोबाइलमध्ये 9:03 वाजले असतील, तर तो डीव्हीआर 11 मिनिटं मागे आहे. हा फरक लगेच, तारखेसह, कागदावर लिहा आणि दोन्ही पडदे एका फोटोत घ्या. घड्याळ दुरुस्त करत बसू नका, नाहीतर जुन्या चित्रणातला फरक पुढे सिद्ध करता येत नाही. हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. छोट्या दुकानात ते आठवड्याभरातही जाऊ शकतं. म्हणून दुकानदाराला रेकॉर्डिंग राखून ठेवायला त्याच दिवशी सांगा. पडद्यावरची क्लिप मोबाइलने शूट करून ग्रुपवर टाकणं हा पुरावा नव्हे. मूळ फाइल पोलिसांनी ताब्यात घ्यावी लागते आणि भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे तिच्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. शिवाय ती क्लिप फिरली की त्यात दिसणारा प्रत्येक माणूस संशयित होतो, अगदी पाव आणायला निघालेलासुद्धा.

घरच्यांकडे बोट दाखवणं हा चर्चेचा सगळ्यात आवडता भाग. पोलिस घरच्यांनाच आधी विचारतात, कारण मुलाची दिनचर्या, भांडणं, ताब्याचे वाद त्यांनाच माहीत असतात. आईवडील वेगळे राहत असतील तर दुसऱ्या पालकाकडे मूल आहे का, हे पहिल्या तासातच बघावं लागतं. ही चौकशी नेहमीची असते. बाहेर मात्र "बापाला तीन तास बसवून ठेवलं होतं" एवढंच पोहोचतं आणि निकाल लागतो. रडली नाही म्हणून आईवर संशय, फार रडली तरी संशय. पॉलिग्राफला, म्हणजे खोटं पकडायच्या चाचणीला, नकार दिला तर संपलंच. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात स्पष्ट सांगितलंय की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येत नाही. नकार हा हक्क आहे, त्यातून गुन्हा सिद्ध होत नाही.

शेजाऱ्यावरच्या संशयाने काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यातलं. 22 ऑक्टोबर 1989 च्या रात्री जेकब वेटरलिंग या 11 वर्षांच्या मुलाला सायकलवरून घरी येताना एका बंदूकधारी माणसाने पळवलं. जिथे हे घडलं त्याच्या शेजारच्या वाटेवर गाडीच्या चाकांचे ठसे मिळाले होते. बऱ्याच वर्षांनी ते ठसे एका तिऱ्हाइताच्या गाडीचे निघाले. मग तपासाने उलटं वळण घेतलं: पळवणारा पायीच आला असणार, म्हणजे जवळपासचाच कुणी. संशय आला त्या वाटेवर राहणाऱ्या एका शिक्षकावर. 2010 मध्ये तो राहत होता ते शेत खणून काढलं, त्याचं नाव जाहीर झालं, आयुष्य नासलं. 2016 मध्ये खऱ्या गुन्हेगाराने न्यायालयात कबुली दिली. तो वेगळाच माणूस होता, आणि घटनेनंतर काही आठवड्यांतच पोलिसांनी त्याची चौकशीही केलेली होती. इथे तर्क करणारे खुद्द तपास अधिकारी होते, हातात सगळी कागदपत्रं होती. ग्रुपवर आपल्या हातात काय असतं?

आता कायदेशीर बाजू, कारण यात गैरसमज फार आहेत. "24 तास थांबा, येईल परत" असं कुणी म्हणालं तर थांबू नका. बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून तपास करायचा. मोठ्या माणसाच्या बाबतीत नुसती "मिसिंग" दाखल होते. 18 वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत एफआयआर. ठाण्यात अजून सवयीने "तीनशे त्रेसष्ट" म्हणतात, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं अपहरणाचं कलम. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम 137 आहे. "आमची हद्द नाही" हेही उत्तर चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा) होतो आणि तक्रारदाराला प्रत फुकट मिळते. ती प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. फोनसाठी 112, मुलांसाठी 1098, आणि रेल्वेचा संशय असेल तर 139, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलापर्यंत निरोप जातो. मुलाची माहिती सरकारी पोर्टलवर चढली का, हे विचारून घ्या, कारण दुसऱ्या राज्यातल्या बालगृहात मूल पोहोचलं तर जुळणी तिथूनच होते. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जायला हवा. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि अर्ज करा.

ठाण्यात कुणी जात असतानाच बाकीच्यांनी घर आणि शाळा पुन्हा तपासावी. कपाटं, दिवाण, बंद मोटारी, गच्ची, पाण्याची टाकी, लिफ्टचा खड्डा, स्वच्छतागृहं, स्टेजमागची खोली, स्कूलबसची मागची सीट जिथे मूल झोपून राहतं. एकाने बघितलेली जागा दुसऱ्याने पुन्हा बघायची. लहान मूल घाबरलं की हाकेला ओ देत नाही. अनोळखी माणसाशी बोलू नको असं आपणच शिकवलेलं असतं. तेव्हा हाक मारून पुढे जाऊ नका, वाकून बघा. मुलाची खोली आवरू नका. न धुतलेला कपडा हातमोजा किंवा उलटी पिशवी वापरून कागदी पिशवीत ठेवा, श्वानपथकाला तोच लागतो. गर्दीने अंगण तुडवून झाल्यावर श्वान आणून फारसा उपयोग नसतो.

पोस्टर एकच असावं आणि ते पोलिसांच्या सल्ल्याने निघालेलं असावं. ओळखपत्रावरचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो नको. गेल्या दोन-तीन महिन्यांतला, एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उंचीचा. फोटो एआयने उजळवू नका, ते ॲप दात, नाक, त्वचेचा रंग सगळं स्वतःच्या मनाने बदलतं आणि समोर उभं असलेलं मूलही मग ओळखू येत नाही. वय, उंची, त्या दिवशीचे कपडे, बूट, बोलतो ती भाषा, पाहिल्याची जागा, तारीख, वेळ. औषध चालू असेल तर तेही. संपर्कासाठी ठाण्याचा लँडलाइन आणि 112, घरच्यांचा मोबाइल नाही. घरचा नंबर बाहेर गेला की "तुमचा मुलगा आमच्याजवळ आहे, आधी पाच हजार पाठवा" असे फोन सुरू होतात. म्हणूनच एक-दोन खुणा (कुठल्या बाजूचा तीळ, बनियनचा रंग, लाडाचं नाव) पोस्टरवर टाकायच्या नाहीत. फोन आला की त्याच विचारायच्या. खोटा माणूस तिथेच सापडतो. पोलिस सगळं का सांगत नाहीत, याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं, आणि ग्रुपवर मात्र त्याचं "काहीतरी दाबतायत" होतं.

राहिली काळी व्हॅन. 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ देशभर फिरला: मोटारसायकलवरचे दोघं गल्लीतून मूल उचलून नेतात. ती पाकिस्तानातल्या कराचीत बनवलेली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात, तेवढाच भाग कापून टाकला होता. त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रात गावोगाव टोळीच्या अफवा पसरल्या. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा भागातले. बाजारात एका लहान मुलीशी बोलताना दिसले, एवढं निमित्त पुरलं. कुणाचंही मूल पळवलं गेलेलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणली. पण कॉपी-पेस्टला मर्यादा नसते, आणि "माझ्या मेव्हण्याने स्वतः पाहिलं" या ओळीला तर मुळीच नसते.

खरंच मूल हरवलेलं असतं तेव्हा अशा अफवेचा जोर वाढतो आणि तिचा मार नेहमी एकाच दिशेने जातो: भंगारवाला, बहुरूपी, परप्रांतीय मजूर, मनोरुग्ण, पालावरची बाई. गावातल्या ओळखीच्या माणसाकडे कुणी वळत नाही. त्यातलाच एखादा खरोखर महत्त्वाचा साक्षीदार असतो, कारण दिवसभर रस्त्यावर तोच असतो. पण ग्रुप पेटल्यावर तो गाव सोडून निघून जातो. अशी अफवा पसरवून लोकांत भीती निर्माण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 353 खाली गुन्हा आहे आणि फॉरवर्ड करणाराही त्यात येऊ शकतो.

तेव्हा ॲडमिन असाल तर पहिल्या तासातच ग्रुप "फक्त ॲडमिन" करा. पोलिसांनी दिलेलं पोस्टर, ठाण्याचा नंबर आणि "काही पाहिलं असेल तर इथे लिहू नका, तिथे फोन करा" हे तीनच मेसेज ठेवा. शोधायला जाणाऱ्यांची यादी वेगळी करा: कोण, कुठला भाग, किती वाजता निघाला, किती वाजता परत. तपासलेला भाग नकाशावर खुणेने भरा. नाहीतर तीच बाग सहा जण बघतात आणि नाल्याकडे कुणी जात नाही. व्हॅनचा नंबर कुणी टाकला तर तो काढून टाका आणि टाकणाऱ्याला स्वतः ठाण्यात फोन करायला लावा. नव्वद टक्के वेळा तो म्हणतो, "मी नाही पाहिलं, मला दुसऱ्याकडून आलंय."

मूल सापडलं की काम संपत नाही. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे पीडित किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम 23 वेगळं. शोधासाठी काढलेलं पोस्टर मूल मिळाल्यानंतर फिरत ठेवायला काही आधार राहत नाही. फेसबुकवरचं, शाळेच्या पानावरचं, दुकानाच्या काचेवरचं, सगळं उतरवा. मिळाल्याचा निरोपही नाव-फोटोशिवाय, एका ओळीत: "मूल मिळालं आहे, पोस्टर काढून टाका." कुठे मिळालं, कुणाबरोबर होतं, त्याच्यावर काय झालं, हे ग्रुपचं नाही. आणि ज्या रिक्षावाल्याचा फोटो नंबरप्लेटसह फिरला, त्याच्याबद्दलचा खुलासा ज्याने फोटो टाकला त्यानेच, त्याच ग्रुपवर टाकावा. ॲडमिनने तो पिन करावा. 24 तासांचा नाही, सात दिवसांचा पर्याय निवडून.